पावणेपाचचा भाव

"मॅडम, हे पूर्ण जाईल का?"

बोलताना अडखळतो म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. त्याने नाही विचारलं तर सोबत आलेली आई विचारते. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. दोन ते पाच वर्षांच्या वयात शंभरातली पाचेक मुलं काही काळ अडखळतात आणि त्यातल्या बहुतेकांचं पुढे थांबतं. मोठेपणी शंभरात साधारण एकाजवळ ते राहतं, त्यातही बायकांपेक्षा पुरुष जवळपास चौपट. ते खूप सैल होऊ शकतं, बोलणाऱ्याचा त्रास पुष्कळ कमी होऊ शकतो. पण विशी ओलांडलेल्या माणसाला "महिन्यात मुळासकट घालवतो" असं कुणी सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा. ते जायची वाट बघत नोकरी, धंदा, लग्न अडवून धरायचं का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याबद्दलच लिहायचंय.

लातूरच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानावर काम करणारा एक मुलगा. ओळख लागू नये म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत, पण त्याचं नाव 'प'ने सुरू होतं एवढं सांगावंच लागेल, कारण सगळी अडचण त्या 'प'पाशी होती. वय चोवीस, बी.कॉम. झालेला, हिशोबाला पक्का. दिवसभर शेतकऱ्यांचे फोन: सोयाबीनला आज काय दर निघाला, उद्या माल आणू का? आणि याला 'पाच' म्हणता यायचं नाही. ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत, डोळे मिटायचे, उजवा पाय जमिनीवर आपटायचा. फोनवर पलीकडच्याला यातलं काहीच दिसत नाही. तो "हॅलो, हॅलो" करतो आणि कट करतो.

अडखळणारी माणसं शब्द बदलण्यात फार तरबेज असतात. 'पाणी' अडलं तर 'जरा तांब्या द्या' म्हणतील. औसा म्हणता येत नाही म्हणून एसटीत पुढच्या लामजन्याचं तिकीट काढून औशालाच उतरणारी एक शिक्षिका माझ्याकडे यायची. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा म्हणाली, "चला, आता माझी चोरी निम्म्या दरात." पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो. आकड्यालाही नसतो. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. तो सांगायचा तर 'पाच हजार'पासूनच सुरुवात करावी लागते.

एका सकाळी भाव पावणेपाच हजार निघाला. शिवलीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला. याने दोनदा ओठ मिटले, सुटेनात, आणि तोंडातून निघून गेलं, "साडेचार." 'स' त्याला सोपा. अडीचशे रुपयांचा फरक ऐकून म्हाताऱ्याने माल दुसऱ्या अडत्याकडे नेला, तिथे खरा दर कळला आणि संध्याकाळी दुकानात येऊन शेठसमोर तमाशा केला. त्या रात्री मुलाने नोकरी सोडायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन माझ्याकडे.

आईच्या पिशवीत सगळे इलाज होते. वेखंड उगाळून झालं, अक्कलकरा चाटवून झाला, तोंडात खडे धरून वाचायला लावून झालं (हे तर घशात अडकून जिवावर बेतायचं). आता कुणीतरी जिभेखालची शीर कापायला सांगितली होती. "सप्त्यात भजनाला उभारला की एकदा बी अटकत नाही बघा मॅडम, अन् घरी पाणी मागायचं म्हटलं की पंचाईत. मुद्दाम करायलाय का काय?"

तिला म्हटलं, मावशी, शीर कापायची नाही याचा पुरावा तुम्हीच दिलात. चारचौघांच्या सुरात बोलताना, गाताना अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं, हे तज्ज्ञांना फार वर्षांपासून माहीत आहे. जीभ भजनात चालते म्हणजे जिभेत खोट नाही. बोलण्याच्या स्नायूंना मेंदूकडून जे हुकूम जातात त्यांची वेळ चुकते, आणि हे पुष्कळदा घराण्यात असतं. २०१० साली पाकिस्तानातल्या अशा कुटुंबांच्या अभ्यासातून काही जनुकांचा संबंधही पुढे आला. हे ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "ह्याचे थोरले चुलते बी तसेच होते." तोवर घरात समज असा होता, की लहानपणी त्याने शेजारच्या पोराची नक्कल केली म्हणून ते लागलं. नक्कल करून कुणी तोतरं होत नाही. भीतीनेही होत नाही; भीती नंतर येते आणि त्याच्यावर स्वार होते.

मी वाचा-उपचार तज्ज्ञ नाही. बोलण्याचा सराव त्या विषयाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच शिकावा, म्हणून त्याला तिकडे पाठवलं. तिथे त्याला जे शिकवलं ते चार्ल्स व्हॅन रायपर या, स्वतः अडखळणाऱ्या, अमेरिकन तज्ज्ञाच्या पद्धतीचं होतं. शब्द अडला की त्याला ढकलायचं नाही. अडून झाल्यावर क्षणभर थांबायचं आणि तोच शब्द सैल ओठांनी पुन्हा म्हणायचा. ते जमलं की अडलेला असतानाच जोर कमी करत बाहेर यायचं. आणखी पुढे, अडणार हे कळताच आधीच ओठ हलके टेकवायचे. गाठ ओढली की आवळते, तसंच हे आहे.

माझ्याकडचं काम वेगळं होतं: लपवणं सोडणं. त्याला मी विचारलं, त्या म्हाताऱ्याचं नुकसान कशाने झालं? अडखळण्याने की न अडखळण्याने? तू 'पा-पा-पावणेपाच' म्हणाला असतास तर त्याला पाच सेकंद जास्त लागले असते. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला मुद्दाम अडखळायला लावलं. चहावाल्याकडे, झेरॉक्सच्या दुकानात, जिथे एरवी तो अडायचा नाही त्या सोप्या शब्दांवर. पहिल्यांदा हे ऐकून त्याला मी वेडी वाटले असणार. पण जी गोष्ट माणूस ठरवून करू शकतो तिचा दरारा उरत नाही.

सगळ्यात अवघड होतं शेठला सांगणं. त्याने वाक्य पाठ केलं: "शेठ, मी अडखळतो. फोनवर जरा वेळ लागेल, पण दर बरोबर सांगीन." वाक्य पूर्ण व्हायला बराच वेळ गेला म्हणे. शेठ वहीतून मान वर न करता म्हणाले, "आरं, ते सगळ्या यार्डाला म्हाईत हाय. दर चुकवू नको म्हंजे झालं." दोन वर्षं जे लपवलं ते कुणापासूनच लपलेलं नव्हतं. हे सांगताना तो हसत होता, पण त्याला राग आलेलाही मला दिसला, आणि तो राग रास्त होता. एवढी वर्षं कुणीतरी नुसतं म्हणायला काय हरकत होती?

आता फोन उचलला की तो आधीच सांगतो, "थांबा हं, मी अडखळतो." बहुतेक लोक थांबतात. काही जण मधेच शब्द पुरवतात आणि बऱ्याचदा चुकीचा आकडा पुरवतात. त्यांना तो "नाही" म्हणायला शिकलाय. अनोळखी नंबर आला की अजून पाय आपटतो.

घरच्यांनाही थोडं बदलायला लावलं. "हळू बोल, श्वास घे" हे बंद. वाक्य पूर्ण होईपर्यंत तोंडाकडे बघायचं, मधे बोलायचं नाही. आणि ज्यांच्या घरी तीन-चार वर्षांचं मूल सहा महिन्यांहून जास्त अडखळतंय, घराण्यात कुणाला आहे, किंवा मूल बोलताना चेहरा आवळतंय, त्यांनी "आपोआप जाईल" म्हणून वाट न बघता तज्ज्ञाला दाखवावं. त्या वयात उपचाराचा गुण येतो.

मागच्या महिन्यात आईचा फोन आला. स्थळं बघायला सुरुवात केली आहे; बायोडाटात हे लिहावं का? म्हटलं, मावशी, त्यालाच विचारा. तो म्हणाला लिहायचं नाही, मीच फोन करून सांगतो. पहिल्या स्थळाला त्याने स्वतः फोन केला, नाव सांगताना अडला, पण पूर्ण सांगितलं. त्यांचा नकार आला. कारण दिलं, शेती कमी आहे. आई म्हणाली, "खरं कारण ते नसंल का हो?" असेलही, नसेलही. निलंग्याकडच्या दुसऱ्या स्थळाशी बोलणं चालू आहे, आणि तिथलं बोलणं तोच करतोय.