साध्या गाडीत बसून पोलिसांनी वाहनचालकांना पकडणं ही फसवणूक नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या तुमच्या भाच्याला मोटरवेवर एका बिनपट्ट्याच्या, साध्या दिसणाऱ्या गाडीने गाठलं आणि आत पोलीस निघाले. हे दबा धरून बसणं झालं नाही का, आणि उद्या आपल्याकडे असं आलं तर चालेल का?

मी मूळचा कराडचा, नऊ वर्षं रेडिंगला राहतोय आणि मला स्वतःला अशाच गाडीने धरलेलं आहे. तेव्हा मी काही तटस्थ माणूस नाही, हे ध्यानात घेऊन वाचा.

जानेवारीतला रविवार होता. बर्मिंगहॅमला ओळखीच्यांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तिथून निघायला उशीर झाला. एम-40 मोटरवेवर बॅनबरी गाव मागे पडलं तेव्हा चार वाजून गेले होते आणि उजेड सरत आला होता. बायकोच्या मांडीवर वाणात मिळालेला स्टीलचा डबा, मागच्या सीटवर पोरगी झोपलेली. एक करड्या रंगाची बीएमडब्ल्यू बराच वेळ माझ्या मागे होती. जवळ येत नव्हती आणि पुढेही जात नव्हती. मनात म्हटलं, कुणीतरी शहाणा माणूस दिसतोय, नाहीतर बीएमडब्ल्यूवाले कुठे एवढा धीर धरतात! तेवढ्यात तिच्या बोनटच्या जाळीतून निळे दिवे लुकलुकायला लागले. गाडी पुढे आली, डावा इंडिकेटर दिला आणि आतल्या माणसाने मागे या अशी खूण केली. हार्ड शोल्डरवर, म्हणजे अडचणीत थांबायला ठेवलेल्या कडेच्या पट्टीवर, थांबवलं नाही. तिथे उभं राहणं म्हणजे मरण ओढवून घेणं, हे पोलिसांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. पुढच्या चेरवेल व्हॅली सर्व्हिसेस या विश्रांती थांब्याच्या पार्किंगपर्यंत मला मागे मागे नेलं.

गाडी थांबवली तेव्हा बायको एकच वाक्य बोलली, "अरे, खरा पोलीस आहे ना हा?"

तुमच्या प्रश्नाची मेख तिच्या या वाक्यात आहे. त्याकडे येतोच.

उतरलेला माणूस पूर्ण वर्दीत होता, वर पिवळं चमकणारं जाकीट, छातीवर नंबर. कराडहून आलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप पाकिटाकडे जातो. त्याने पाकिटाकडे बघितलंसुद्धा नाही. मला त्यांच्या गाडीत मागे बसवलं आणि पुढच्या स्क्रीनवर माझीच गाडी दाखवली. नंबरप्लेट स्पष्ट, खाली सरासरी वेग ताशी 84 मैल. मर्यादा 70 ची, म्हणजे 112 किलोमीटर, आणि मी 135 ने चाललेलो. हा वेग मोजायचं व्हॅस्कार नावाचं यंत्र असतं. त्यात जादू काही नाही, अंतर भागिले वेळ. तुमची गाडी एखाद्या पुलाखालून गेली की पोलीस वेळेचं बटण दाबतो, पुढच्या ठरावीक खुणेवरून गेली की पुन्हा दाबतो. त्याची स्वतःची गाडी त्याच दोन खुणा ओलांडते तेव्हा अंतराचं बटण. त्यामुळे त्याला तुमच्या वेगाने पळायचीही गरज नसते आणि तुम्हाला मागे कुणी आहे याचा पत्ता लागत नाही.

मग त्याने व्हिडिओ थोडा मागे नेला. एका पांढऱ्या व्हॅनच्या मागे मी इतका चिकटलो होतो की मलाच बघवेना. "वेगाचं पत्र तुम्हाला घरी येईल," तो म्हणाला, "पण खरं सांगायचं तर मला काळजी या व्हॅनची वाटली. तिने ब्रेक मारला असता तर?" दोन गाड्यांमध्ये निदान दोन सेकंदांचं अंतर हवं, असं इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत, लिहिलेलं आहे. माझं एकसुद्धा नव्हतं. आणि मागे पोरगी झोपलेली.

पत्र आलं. 100 पौंड दंड आणि लायसन्सवर 3 पॉइंट (गुन्ह्याबद्दल नोंदवले जाणारे दंडगुण), नाहीतर पैसे भरून वेगाबद्दलचा वर्ग करा, असा पर्याय होता. वर्ग तीन वर्षांत एकदाच मिळतो. मी वर्ग घेतला आणि एका शनिवारी सकाळी लॅपटॉपसमोर बसून शाळकरी पोरासारखी उत्तरं दिली.

आता फसवणुकीचं. इंग्लंडमधले वेगाचे स्थिर कॅमेरे भडक पिवळ्या रंगाचे असतात, मुद्दाम दिसावेत म्हणून. 2001 च्या शेवटी सरकारनेच ते धोरण जाहीर केलं होतं. तिथे लपवाछपवी नाही, हेतू एवढाच की त्या वळणावर माणसाने वेग कमी करावा. पण त्याचा परिणाम तुम्ही कुठल्याही रस्त्यावर बघू शकता. कॅमेऱ्याआधी ब्रेक, कॅमेऱ्यानंतर एक्सलरेटर. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कॅमेरे बसल्यापासून मी सुट्टीत येतो तेव्हा हेच बघतो. खांब आला की सगळे संत, खांब गेला की पुन्हा पालखी सुसाट.

शिवाय साध्या कॅमेऱ्याला वेग कळतो, माणूस कळत नाही. मांडीवर मोबाईल धरून टाइप करणारा, पुढच्याच्या डिकीत तोंड घालणारा, डावी लेन मोकळी असताना मधल्या लेनमध्ये मुक्काम ठोकणारा, हे सगळे वेगाच्या मर्यादेत असू शकतात. पोलिसांची पट्टेरी गाडी आली की हेच लोक दोन मिनिटांत आदर्श नागरिक होतात. ती नजरेआड झाली की ये रे माझ्या मागल्या. साध्या गाडीचा खरा उपयोग इथे आहे. कुणी बघत नाही असं वाटतं तेव्हा माणूस कसा चालवतो, ते तिच्यातून दिसतं. मोबाईलला इथे 200 पौंड आणि 6 पॉइंट आहेत. लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नसतील तर 6 पॉइंटांत ते रद्दच होतं, पुन्हा शिकाऊपासून सुरुवात. तुमच्या भाच्याने इथलं लायसन्स काढलं असेल तर त्याला हे आवर्जून सांगा.

याहून भारी प्रकार ट्रकचा. ट्रकवाला मांडीवर काय करतोय ते कारमधून दिसत नाही, तो उंचावर असतो. म्हणून 2015 पासून इथल्या महामार्ग यंत्रणेने पोलिसांना साधे दिसणारे ट्रकच देऊन टाकलेत, ट्रेलरशिवाय नुसतं पुढचं तोंड. ऑपरेशन ट्रॅमलाइन म्हणतात त्याला. शेजारच्या सीटवर कॅमेरा घेऊन पोलीस बसतो, ट्रक शेजारच्या लेनमधून सरकत जातो आणि आतलं सगळं टिपतो. पकडायचं काम मागून येणारी पट्टेरी गाडी करते. मला ही योजना मनापासून आवडते. चाळीस टनांचं धूड हाकताना व्हॉट्सॲप बघणाऱ्याला 'मला आधी सांगायला हवं होतं' म्हणायचा कसला हक्क?

तुमची तक्रार मात्र जुनी आहे, शंभर वर्षांहून जुनी. 1903 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी 20 मैलांची मर्यादा घातली आणि पोलीस स्टॉपवॉच घेऊन कुंपणाच्या झुडपांत लपायला लागले. मोटारवाले चिडले. 1905 मध्ये त्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन काढली. आज गाडी बंद पडली की जिला फोन करतात तीच ही 'एए'. तिचं पहिलं काम काय, तर सायकलवरून माणसं फिरवून पुढे पोलीस दबा धरून बसलेत हे सभासदांना सांगणं! पुढे कोर्टाने हा पोलिसांच्या कामात अडथळा ठरवला. मग त्यांनी नामी युक्ती काढली. एएचा माणूस सभासदाची गाडी बघून एरवी सलाम ठोकायचा. त्याने सलाम केला नाही, तर थांबून कारण विचारायचं. सलाम न करणं हा गुन्हा कसा ठरवणार? आपल्याकडे समोरून येणारा ट्रकवाला हेडलाइट मारून 'पुढे मामा आहेत' सांगतो, त्याचा हा साहेबी अवतार.

तर लपण्याला माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप बायकोच्या वाक्यापाशी सुरू होतो. खरा पोलीस आहे ना हा?

आपल्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. 'आजी, पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा, आम्ही पोलीस आहोत' असं सांगून म्हाताऱ्यांना लुटणारे तोतये प्रत्येक गावाने पाहिलेत. माझ्या चुलत आजीच्या पाटल्या अशाच गेल्या. रुमालाची गाठ तिने घरी येऊन सोडली तर आत दगड. आणि तोतयाच कशाला, मार्च 2021 मध्ये लंडनमध्ये नोकरीत असलेल्याच एका पोलिसाने, ड्यूटीवर नसताना, आपलं खरं ओळखपत्र दाखवून एका तरुणीला भाड्याच्या गाडीत बसवलं आणि तिचा खून केला. तेव्हा नुसतं ओळखपत्र पुरेसं नाही, हे इथल्या लोकांनी फार महागात शिकलंय.

म्हणून गाडी साधी असो, आतला माणूस वर्दीत हवा, यावर मी अडून बसेन. ब्रिटनचा कायदाही तेच म्हणतो. रस्त्यावर चालती गाडी थांबवायला लावायचा अधिकार 1988 च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या कलम 163 प्रमाणे वर्दीतल्या पोलिसाला आहे. दुसरं, वेगाचा गुन्हा एकट्या साक्षीदाराच्या 'मला वाटलं, फार जोरात होता' यावर शाबीत होत नाही, जोडीला यंत्र किंवा दुसरा पुरावा लागतो. अमेरिकेतलं ओहायो राज्य तर आणखी पुढे गेलंय. ज्याचं मुख्य कामच वाहतुकीचे नियम राबवणं आहे, त्या पोलिसाने खुणा नसलेली गाडी वापरून किरकोळ वाहतूक गुन्ह्यासाठी कुणाला धरलं, तर कोर्टात त्याची साक्षच धरत नाहीत. मला हे टोक वाटतं. पण ज्यांनी तो कायदा केला त्यांना माझ्या बायकोचाच प्रश्न पडला असणार.

आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम 130 काढून बघा. योगायोगाने तो कायदाही 1988 चाच. लायसन्स दाखवायला लावू शकणारा पोलीस अधिकारी 'गणवेशातला' हवा असं त्यात स्पष्ट लिहिलंय, तो कुठल्या गाडीतून यावा याबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही. म्हणजे साध्या गाडीला या कलमाची आडकाठी दिसत नाही. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्या आज लांबूनच ओळखू येतात. त्यांच्या जोडीला दोन-चार साध्या गाड्या द्या, आत वर्दीतली दोन माणसं आणि चालू कॅमेरा असू द्या, आणि चलन थेट मोबाईलवर जाऊ द्या. एक्सप्रेसवेवर उजवी लेन अडवून रांगणारे ट्रक आणि हायवेला उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले, एवढ्यांवर जरी त्या सोडल्या तरी मी टाळ्या वाजवीन. पण वर्दी नाही, कॅमेरा नाही आणि रस्त्याच्या कडेला 'बोला, काय करायचं?' असं विचारणारा कुणी साध्या गाडीतून उतरणार असेल, तर नको रे बाबा. पावती फाडायची की तोडपाणी करायचं हे ज्याच्या मर्जीवर आहे, त्याला आणखी लपायला जागा कशाला द्यायची?

भाच्यासाठी एक कामाची गोष्ट. इथे साध्या गाडीने थांबायला सांगितलं आणि शंका आली, विशेषतः रात्री, तर पळायचं नाही आणि निर्जन जागी थांबायचंही नाही. वेग कमी करून इंडिकेटर देऊन कळलंय असं दाखवायचं, माणसांची वर्दळ असलेल्या पेट्रोल पंपापर्यंत शांतपणे जायचं. सोबत कुणी असेल तर त्याला 999 हा इथला आपत्कालीन नंबर लावून खात्री करायला सांगायचं. खऱ्या पोलिसाला यात काही वावगं वाटत नाही.

बाकी त्या दिवसापासून आमच्या घरात एक खेळ सुरू झालाय. या गाड्यांमध्ये शेजारी बसणाऱ्यासाठी आत दुसरा आरसा लावलेला असतो, हे बायकोने कुठेतरी वाचलं. आता मोटरवेवर मागे करडी गाडी दिसली की ती मान वळवून आरसे मोजते. परवा ओरडली, "दोन आहेत, दोन! हळू चालव!" मी हळू झालो. गाडी शेजारून गेली तेव्हा छपरावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी होती आणि आत एक घाबरलेला पोरगा ताशी पंचावन्न मैलांनी निघाला होता. त्याने आम्हाला ओव्हरटेक केलं.