ऑस्बोर्न कंपनी इतक्या लवकर कशी बुडाली?
ॲडम ऑस्बोर्न यांनी १९८१ मध्ये 'ऑस्बोर्न १' आणला: हातात उचलून नेता येणारा, सुमारे ११ किलोचा, १,७९५ डॉलरचा संगणक. वर्डस्टार (मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम) आणि सुपरकॅल्क (आकडेमोडीचा तक्ता मांडणारा प्रोग्रॅम) त्याच किमतीत, खरी करामत तीच. यंत्रं धडाधड खपली, तरी सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

पुढच्या मॉडेलची घोषणा आधीच केली म्हणून जुन्याचा खप थांबला, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं. पाच इंची पडदा फार लहान होता. केप्रो या प्रतिस्पर्धी कंपनीने तेवढ्याच किमतीत नऊ इंची दिला. शिवाय गिऱ्हाईक आयबीएम पीसीशी (आयबीएम कंपनीच्या वैयक्तिक संगणकाशी) जुळणाऱ्या यंत्रांकडे वळू लागलं होतं. मला तरी हीच कारणं मोठी वाटतात. ऑस्बोर्न २००३ मध्ये कोडाईकनालला वारले. त्यांचं बालपणही तमिळनाडूतच गेलं होतं.