एसएसडीआयवर असताना मेडिकेअर घ्यावं की मेडिकेड ठेवावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: अमेरिकेत अपंगत्वामुळे काम करता न येणाऱ्यांना मिळणारा सरकारी मासिक भत्ता, म्हणजे एसएसडीआय, सुरू होऊन दोन वर्षं होत आली. आतापर्यंत सगळं औषधपाणी मेडिकेडवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी राज्यामार्फत चालणाऱ्या सरकारी आरोग्य विम्यावर चाललं. आता मेडिकेअरचं, म्हणजे वृद्धांच्या आणि अपंगांच्या केंद्रीय आरोग्य विम्याचं, कार्ड पोस्टाने आलंय आणि त्यातल्या पार्ट बीचा (डॉक्टर आणि इस्पितळात दाखल न होता घेतलेल्या उपचारांच्या भागाचा) हप्ता दरमहाच्या पैशांतून कापला जाईल, असं सोबतच्या पत्रात लिहिलंय. मग दोन्हींतलं कोणतं ठेवायचं, आणि पैसे वाचवायला पार्ट बी नाकारला तर चालेल का?

पार्ट बी नाकारू नका. हे आधी सांगते, कारण नाकारायचं असेल तर कार्डावरच्या तारखेच्या आत कळवायचं असतं, आणि २०२५ चा १८५ डॉलरचा किंवा २०२६ चा २०२.९० डॉलरचा आकडा बघून त्या घाईत चुकीचा निर्णय होतो. उशिरा घेतला तर दर पूर्ण वर्षामागे हप्त्यावर १० टक्के दंड बसतो. तुमच्या किंवा जोडीदाराच्या चालू नोकरीचा विमा असेल आणि त्या कंपनीत शंभर किंवा जास्त माणसं असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून चालू ठेवलेला कंपनीचा विमा, म्हणजे कोब्रा, यात धरत नाहीत.

आता मूळ प्रश्न. ‘हे की ते’ असं बहुतेकांना निवडावंच लागत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. आधी मेडिकेअर पैसे भरतं, उरलेलं मेडिकेड बघतं. दात, दवाखान्यापर्यंतची गाडी, घरी मदतीला येणारी बाई, यांतलं बरंच काही मेडिकेअर देत नाही आणि अनेक राज्यांतलं मेडिकेड देतं. अपंगत्व असलेल्या माणसाला घरातली मदत हीच कधीकधी सगळ्यात मोठी गरज असते. म्हणून मेडिकेड आपण होऊन सोडायचं नाही. प्रश्न इतकाच की ते तुमच्याकडे राहील का.

इथेच मी फसले होते. मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे. एसएसडीआयच्या चोविसाव्या महिन्यानंतर मेडिकेअर सुरू झालं आणि मेडिकेड आहेच म्हणून मी निर्धास्त राहिले. राज्याकडून एक जाड पाकीट आलं होतं, ते नेहमीचं नूतनीकरण समजून मी बाजूला ठेवलं. महिनाअखेरीला मेडिकेड बंद झालं. त्याच्या पुढच्याच आठवड्यात माझं शिरेतून द्यायचं औषध होतं.

कारण नंतर कळलं. मेडिकेडमध्ये शिरायची दारं वेगवेगळी आहेत. माझं मेडिकेड ‘विस्तारित’ गटातलं होतं, म्हणजे १९ ते ६४ वयाच्या, दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या लोकांचा गट. ४० राज्यांत आणि राजधानीत तो आहे. त्यात बँकेत किती शिल्लक आहे हे कुणी विचारत नाही. पण मेडिकेअर लागू झालेल्या माणसाला त्या गटात राहता येत नाही. पार्ट बी नाकारून, नुसता पार्ट ए (इस्पितळात दाखल होण्याच्या खर्चाचा भाग) ठेवूनही राहता येत नाही. मग अपंगांच्या गटातून पुन्हा पात्र ठरावं लागतं, आणि तिथे बऱ्याच राज्यांत शिलकीची मर्यादा एकट्या माणसाला जेमतेम २,००० डॉलर असते. तुमचं मेडिकेड एसएसआयमुळे (गरीब अपंगांना आणि वृद्धांना मिळणाऱ्या वेगळ्या सरकारी भत्त्यामुळे) मिळालेलं असेल तर तुम्ही बहुधा आधीच या दुसऱ्या दारातून आत आहात.

राज्याने मेडिकेड बंद करण्याआधी तुम्ही दुसऱ्या कुठल्या गटात बसता का, हे तपासायला हवं असतं. पण त्यासाठी मागितलेले कागद वेळेत पोचले पाहिजेत. तुमचं पाकीट आलं असेल तर आजच उघडा. बंद होणार असं पत्र आलं, तर त्यातल्या तारखेच्या आत अपील करून ‘निकालापर्यंत चालू ठेवा’ असं लिहून मागता येतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पुन्हा अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि माझ्या राज्यात मागच्या तीन महिन्यांचा खर्च धरतात म्हणून ते बिल निघालं. मधले दोन महिने मात्र झोप नव्हती. दवाखान्यात शिरेतून मिळणारं औषध पार्ट बीमध्ये येतं, त्याचे २० टक्के आपले, आणि मूळ, म्हणजे सरकार थेट चालवतं त्या, मेडिकेअरमध्ये त्या २० टक्क्यांना वर मर्यादाच नाही. गोळ्यांसाठी २०२५ पासून आलेली वर्षाच्या खर्चाची मर्यादा (त्या साली २,००० डॉलर) पार्ट डीची, म्हणजे मेडिकेअरच्या औषध विम्याची आहे, तिचा इथे काही उपयोग नाही.

पूर्ण मेडिकेड नाहीच मिळालं, तरी हात टेकू नका. ‘मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅम’ नावाची सोय आहे, आणि तिच्याबद्दल ठाऊक नसलेली माणसं मला सारखी भेटतात. अर्ज राज्याच्या मेडिकेड कार्यालयातच करायचा. २०२५ साली एकट्या माणसाचं महिन्याचं उत्पन्न साधारण १,७८१ डॉलरपर्यंत असलं तरी त्यातून पार्ट बीचा हप्ता राज्य भरत होतं. १,३२५ पर्यंत असेल तर क्यूएमबी, म्हणजे हप्त्यासोबत ते २० टक्केही गेले. क्यूएमबीवाल्याला मेडिकेअरमधल्या उपचारांसाठी डॉक्टर किंवा इस्पितळ बिल लावूच शकत नाही, कायद्याने मनाई आहे. तरी बिलं येतात, म्हणून दर वेळी दोन्ही कार्डं दाखवा. शिलकीची मर्यादा इथे ९,६६० होती, आणि न्यूयॉर्क, कनेक्टिकटमध्ये या योजनेला शिलकीची अटच नाही. शिवाय यातली कुठलीही पायरी मिळाली की औषधांसाठीची ‘एक्स्ट्रा हेल्प’ आपोआप लागू होते.

खरी निवड यानंतर येते, मूळ मेडिकेअर की खासगी कंपनीचा अॅडव्हान्टेज प्लॅन. दात, चष्मा, किराण्याचं कार्ड असं सांगणारे फोन तुम्हाला येतील. माझं मत स्पष्ट आहे: मागे मेडिकेड किंवा क्यूएमबी उभं असेल तर मूळ मेडिकेअर आणि एक पार्ट डी प्लॅन घ्या. कुठलाही डॉक्टर चालतो, त्याने मेडिकेअर घेतलं की झालं, आणि दर उपचाराला कंपनीची पूर्वपरवानगी मागत बसावं लागत नाही. मागे काहीच नसेल तर मात्र अॅडव्हान्टेजमधली वर्षाच्या खर्चाची मर्यादा मोलाची ठरते. मूळ मेडिकेअरने न भरलेला वाटा भरणारी पूरक मेडिगॅप पॉलिसी ६५ च्या आतल्यांना विकायची सक्ती केंद्राच्या कायद्यात नाही. काही राज्यांत ती मिळते, काहींत मिळतच नाही, आणि मिळाली तरी महाग पडते. अॅडव्हान्टेज घ्यायचाच असेल तर तुमचे तज्ज्ञ डॉक्टर आणि औषध देणारं केंद्र त्या प्लॅनमध्ये आहेत का, हे कंपनीकडून नव्हे, त्यांच्याच कचेरीत फोन करून विचारा.

प्रत्येक राज्यात ‘शिप’ या मेडिकेअरबद्दल मोफत सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचे समुपदेशक असतात. ते काही विकत नाहीत आणि पैसे घेत नाहीत. त्यांच्याकडे जाताना मेडिकेअरचं कार्ड, एसएसडीआयच्या रकमेचं पत्र आणि मेडिकेडचं शेवटचं पत्र न्या, आणि पहिला प्रश्न हाच विचारा: “माझं मेडिकेड कोणत्या गटातलं आहे, आणि मेडिकेअर सुरू झाल्यावर ते राहील का?” तुमचं राज्य आणि महिन्याची रक्कम इथे लिहिलीत, तर त्यांच्याकडे जाण्याआधी कोणता अर्ज भरून ठेवायचा तेवढं मी सांगू शकेन.