ऑफसेटचं चिन्ह चुकतं, कारण गणित लिहिलेलं नसतं

तुमची अडचण अशी: सेटिंगमधल्या 'टाइमझोन ऑफसेट'च्या (स्थानिक वेळ आणि जगाची प्रमाण वेळ यांतलं अंतर) रकान्यात मुंबईसाठी ३३० टाकायचे की −३३०, यावर ग्राहक अडकतात. डॉक्युमेंटेशनमध्ये 'जीएमटीपासूनचा फरक, मिनिटांत' असं लिहूनही सपोर्टकडे येणारी तिकिटं, म्हणजे तक्रारी, थांबत नाहीत. माझ्या मते घोळ त्याच वाक्यात आहे. फरकाला दिशा नसते.

लोकल चुकू नये म्हणून आपल्याकडे बऱ्याच घरांत भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे लावतात. आता एक जण म्हणेल, 'घड्याळ +५ आहे.' दुसरा म्हणेल, 'खरी वेळ काढायची तर −५ कर.' दोघंही बरोबर. सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच झालंय. आयएसओ ८६०१ हे तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक पहिल्यासारखं बोलतं: यूटीसीत (जगाची प्रमाण वेळ, व्यवहारात जीएमटीच) काय मिळवलं की स्थानिक वेळ येते? म्हणून भारत +०५:३०. पॉझिक्स हे युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक दुसऱ्यासारखं: स्थानिक वेळेत काय मिळवलं की यूटीसी येतं? म्हणून तिथे भारतीय वेळ 'आयएसटी-५:३०' अशी लिहितात. जावास्क्रिप्टमधलं गेटटाइमझोनऑफसेट हे ऑफसेट विचारायचं फंक्शन आपल्याकडे −३३० देतं, तेही याच कारणाने. आणि टाइमझोनच्या यादीतलं 'ईटीसी/जीएमटी-५' हे नाव पाहून कुणालाही अमेरिका आठवते, पण तो विभाग ग्रीनिचच्या पाच तास पुढे आहे.

पॉझिक्समध्ये चुकून 'आयएसटी+५:३०' लिहिलंत तर एररही येत नाही. मुंबईत दुपारचे दोन वाजलेले असताना पडद्यावर पहाटेचे तीन दिसतात, आणि शेजारी ठसठशीत 'आयएसटी'. हे अक्षरांचं लेबल फक्त तुम्ही दिलेलं नाव असतं, खात्री नव्हे.

मी स्वतः एकदा 'जीएमटीपासूनचा फरक' असंच लिहिलं होतं. अंधेरीतल्या एका ऑफिसात सकाळी नऊला जायचे मेसेज रात्री आठला गेले. बरोबर अकरा तास उशीर. तेव्हापासून भारतातल्या सिस्टिममध्ये अकरा तासांची चूक दिसली की मी आधी चिन्ह बघतो, कारण साडेपाच दुप्पट अकरा. हे वाक्य तुमच्या ट्रबलशूटिंगच्या पानावर जरूर टाका, सपोर्टवाल्यांचा अर्धा दिवस वाचेल.

व्याख्येच्या जागी मी असं लिहीन: 'या रकान्यातली मिनिटं यूटीसीत मिळवली की स्थानिक वेळ येते. मुंबईसाठी ३३०: यूटीसी ०३:३० असताना मुंबईत ०९:००. हिवाळ्यात न्यूयॉर्कसाठी −३००: यूटीसी १५:०० असताना तिथे १०:००.' दोन शहरं मुद्दाम, एक पूर्वेचं, एक पश्चिमेचं. आणि घड्याळाचे आकडे हवेतच. वाचणारा आपली वेळ त्यांच्याशी ताडून पाहतो, व्याख्या फारसं कुणी वाचत नाही. 'पुढे-मागे' हे शब्द टाळा. आपण मीटिंग 'पुढे ढकलतो' तेव्हा ती उशिरा होते, आणि घड्याळ 'पुढे' असतं तेव्हा ते जास्त वेळ दाखवतं. वाचणाऱ्याच्या डोक्यात कोणता अर्थ येईल, सांगता येत नाही.

रकान्याचं नाव बदलणं हातात असेल तर 'यूटीसीत मिळवायची मिनिटं' असं ठेवा, लांबलं तरी चालेल. त्याहून बरं म्हणजे आकडा न मागता 'एशिया/कोलकाता' असं विभागाचं नावच मागा. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तासाने बदलतात, म्हणून तिथला आकडा तेव्हा −२४० होतो, तो दर वेळी ग्राहकाने येऊन बदलावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

उदाहरणं छापण्याआधी चालवून बघा, पण यूटीसीवर लावलेल्या सर्व्हरवर किंवा हिवाळ्यातलं लंडन घेऊन नको. तिथे ऑफसेट शून्य, उलटं चिन्हही बिनबोभाट पास होतं.