डॉक्टर नाही, वकील नाही. कॅन्सर रुग्णांसाठीची सरकारी धोरणं बदलायला माझ्यासारखा माणूस खरंच काही करू शकतो का?

हो, करू शकतो. तुम्ही लिहिलंय की मावशींची ट्रीटमेंट नुकतीच संपली, त्या काळात जे पाहिलं ते स्वस्थ बसू देत नाही, पण ऑनलाइन याचिकेवर सही करण्यापलीकडे काय करायचं ते सुचत नाही. आणि मावशींचा फोटो आणि त्यांची हकीकत त्या याचिकेत टाकू का, असंही विचारलंय. मी बरीच वर्षं रुग्ण आणि नातेवाइकांच्या एका गटात हेच काम करते. मीही डॉक्टर नाही. जे कळलंय ते सांगते.

पहिली गोष्ट, ‘कॅन्सर रुग्णांना मदत करा’ ही मागणीच होत नाही. तिला कुणीही नाही म्हणत नाही, आणि हो म्हटल्यावर कुणाला काही करावंही लागत नाही. खरी मागणी तीच, जिच्यासाठी कुणाला तरी एका विशिष्ट कागदावर सही करावी लागते. तो कागद कोणता, सही कुणाची आणि त्यातली नेमकी कोणती ओळ बदलायची, एवढं शोधून काढलंत की निम्मं काम झालं. त्याला वैद्यकीय पदवी लागत नाही. कंटाळवाणे नियम शेवटपर्यंत वाचायची तयारी लागते, आणि ती ज्याच्या घरात हा आजार येऊन गेलाय त्याच्याकडे इतरांपेक्षा जास्त असते.

आमच्याच कामातलं उदाहरण देते. ज्या योजनेतून आमच्याकडच्या बऱ्याच रुग्णांचा खर्च भागायचा, तिच्यात अट होती की रुग्ण भरती झाला तरच पैसे मिळतील. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर केमो म्हणजे सलाइन, पलंग आणि नर्स असं चित्र होतं. पण कॅन्सरची कितीतरी औषधं आता गोळ्यांच्या रूपात घरी घ्यायची असतात. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवरची इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली आणि पूर्वी थोड्या वर्षांत माणूस नेणारा तो आजार अनेकांसाठी गोळी घेत जगण्याचा आजार झाला. औषध बदललं, नियम तिथेच राहिला. मग गोळ्यांचे पैसे मिळावेत म्हणून धडधाकट चालणारा रुग्ण एक रात्र पलंग अडवून झोपायचा आणि ज्याला खरोखर पलंग हवा तो बाहेर बाकावर थांबायचा. यात कुणी दुष्ट नव्हतं. फक्त एक ओळ जुनी झाली होती.

आम्ही निवेदनात तेवढंच मागितलं: ‘भरती’ या शब्दापुढे ‘किंवा बाह्यरुग्ण विभागातून दिलेली, तोंडावाटे घ्यायची औषधे’ असं जोडा. हीच गाठ इतरत्रही पडलेली होती. अमेरिकेत नसेतून दिलेल्या केमोचा खर्च विम्याच्या एका भागातून जायचा आणि गोळ्यांचा दुसऱ्यातून, त्यामुळे गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या खिशाला कितीतरी जास्त चाट बसायची. ऑरेगॉन राज्याने २००७ साली दोन्हींना समान वागणूक देणारा कायदा केला आणि पुढे बहुतेक राज्यांनी तोच रस्ता धरला. ही माहिती एका परिच्छेदात जोडली. अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे विचारला: ‘खर्च किती वाढेल?’ आमच्यातल्या एका निवृत्त हिशेबनीसांनी विनाकारण अडवलेल्या पलंगांचा खर्च मांडून ठेवला होता. तो तक्ता आमच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त कामाला आला. निर्णय व्हायला खूप वेळ लागला. मधे अधिकारी बदलले, नव्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. पण ओळ बदलली.

म्हणून तुमच्या गटात हिशेब येणारा एक माणूस आधी शोधा. बोलणारे आपोआप मिळतात.

सरकार ऐकतं का, या तुमच्या शंकेबद्दल. मला स्वतःला सर्वात जास्त बळ देणारी हकीकत मॉर्फिनची आहे. कॅन्सर पसरल्यावर होणारी वेदना ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे तिच्यावरचं जुनं, स्वस्त, खात्रीचं औषध. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तिच्यातही मॉर्फिन होतं. ते अफूपासून बनतं, आणि अफूचं कायदेशीर पीक घेणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. आणि तरीही भारतातले असंख्य रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत गेले. कारण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. तो तस्करी थांबवायला केला होता, पण त्यातल्या शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके की रुग्णालयांनी आणि दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. एकाच औषधासाठी वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, आणि शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली. नोंदवहीतल्या चुकीनेही तुरुंग पाहावा लागेल ही डॉक्टरांची भीती. वापर इतका खाली आला की डॉक्टरांची एक अख्खी पिढी हे औषध हाताळायला न शिकताच बाहेर पडली.

केरळमधले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासोबतचे वेदनाशमनाचे कार्यकर्ते यामागे लागले. यात डॉक्टर होते तसे साधे स्वयंसेवकही होते. केरळमधली वेदनाशमनाची चळवळ तर घरोघर जाणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवरच उभी राहिली. त्यांची मागणी ‘रुग्णांच्या वेदना दूर करा’ एवढीच असती तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. त्यांनी दाखवून दिलं की अमुक कलमामुळे, अमुक परवान्यांमुळे औषध अडतं. आधी काही राज्यांत नियम सोपे करून घेतले, मग देशाच्या कायद्याकडे वळले. फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली: मॉर्फिनसारख्या औषधांचा वेगळा गट झाला, देशभर एकसारखे नियम आले आणि अनेक खात्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाकडे एकच परवानगी पुरेशी ठरली. जवळजवळ तीन दशकं लागली. तेवढ्या वर्षांत जे गेले त्यांना याचा काही उपयोग झाला नाही, हे मला विसरता येत नाही आणि विसरूही नये असं वाटतं.

दुरुस्ती झाली म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक रुग्णालयात मॉर्फिन आलं असंही नाही. रुग्णालयाने नोंदणी करायला हवी, डॉक्टरने प्रशिक्षण घ्यायला हवं, साठा मागवायला हवा. कायदा मंजूर झाल्यावर पेढे वाटून घरी जाणारे गट मी पाहिले आहेत. खरं तर त्यानंतरचंच काम स्वयंसेवकांना सर्वात चांगलं जमतं: आपल्या भागातल्या रुग्णालयात जाऊन विचारायचं, नोंदणी केली का? नसेल तर कशामुळे अडलंय? उत्तर लिहून घ्यायचं आणि वर कळवायचं. जागच्या जागी पाहून आलेली ही माहिती मोठ्या कचेरीत बसलेल्या माणसाकडे नसते. ती तुमच्याकडे असते, आणि म्हणून तो तुमचं ऐकतो.

कागद शोधण्याचंच आणखी एक उदाहरण. १९९१ साली अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या बायकांनी एकत्र येऊन एक आघाडी उभी केली. संशोधनाला जास्त पैसा हवा होता, पण आरोग्याच्या अंदाजपत्रकाला मर्यादा घातलेली. सिनेटर टॉम हार्किन यांनी वाट काढली ती संरक्षण खात्यातून. १९९२ साली सैन्याच्या तरतुदीतून २१ कोटी डॉलर स्तनाच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी मिळाले. मला यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो: कोणत्या संशोधनाला पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या समित्यांवर शास्त्रज्ञांच्या शेजारी या आजारातून गेलेल्या बायकांना मत देण्याच्या हक्कासह जागा मिळाली. तुमच्याकडे एखादी समिती नेमली जाणार असेल तर फक्त तिच्यासमोर म्हणणं मांडायची परवानगी मागू नका, तिच्यात खुर्ची मागा.

मावशींची ट्रीटमेंट संपली आहे, म्हणून हेही सांगते. उपचार संपल्यावरची धोरणं फार दुर्लक्षित आहेत. बरा झालेला माणूस घरकर्ज किंवा विमा मागायला गेला की जुना आजार पुन्हा समोर ठेवला जातो. फ्रान्समध्ये २०१६ च्या कायद्याने असं ठरलं की उपचार संपून दहा वर्षं झाली असतील तर कर्जाच्या विम्यासाठी तो आजार सांगायची गरज नाही. रुग्णांच्या संघटना गप्प बसल्या नाहीत. २०२२ मध्ये ती मुदत पाच वर्षांवर आली. बेल्जियम, नेदरलँड्स, पोर्तुगाल, स्पेन, इटली अशा देशांनीही पुढे-मागे तसे कायदे केले. एकाच वाक्यात मांडता येणारी मागणी किती दूर जाते ते यातून दिसतं. तुम्हाला या बाजूने काम करावंसं वाटलं तर मैदान जवळजवळ मोकळं आहे.

आता भेटीगाठींबद्दल. लोकप्रतिनिधींची भेट मिळते, पण दहा मिनिटांची, आणि त्यातली पाच फोनवर जातात. एकाच पानाचं निवेदन न्या. वरच्या तीन ओळींत मागणी, खाली कारण, त्याखाली खर्च. पानाच्या तळाशी ज्याला फोन करता येईल असा एकच माणूस. निवेदन दिल्यावर पोच घ्या, तारखेसह. त्यांच्या पीएंशी नीट बोला, कारण फाइल कुठे आहे हे त्यांनाच माहीत असतं. सत्ताधाऱ्यांकडे जा आणि विरोधकांकडेही जा, दोघांना तोच कागद द्या. कॅन्सर कुणाचं मत विचारून येत नाही. नियमांच्या मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा मुदतीत लेखी सूचना पाठवा. हे काम फार थोडे लोक करतात, म्हणून तिथे एका नीट लिहिलेल्या पत्राचंही वजन पडतं. याचिकेवर हजारो सह्या गोळा करण्याला माझा विरोध नाही, पण सगळ्या सह्यांमागे मजकूर एकच असतो आणि वाचणाऱ्याला ते कळतं. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या शब्दांत आलेली वीस पत्रं मला जास्त मोलाची वाटतात.

पैशाबद्दल सावध राहा. गट थोडा नावारूपाला आला की औषध कंपन्या कार्यक्रमाला मदत देऊ करतात. काही गट घेतात, काही घेत नाहीत. आम्ही घेत नाही, कारण औषधाच्या किमतीबद्दल बोलायची वेळ आली की आपली जीभ जड होते. तुम्ही घेतलीत तर उघडपणे सांगा. तंबाखू उद्योगाचा पैसा मात्र कोणत्याही नावाखाली नको. २००५ पासून लागू असलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराचं कलम ५.३ तर सरकारांनाच सांगतं की आरोग्याची धोरणं या उद्योगाच्या हितसंबंधांपासून राखा.

आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. या कामात सोबतची माणसं मधेच जातात. ज्यांनी पहिलं पत्र लिहिलं ते निर्णयाच्या दिवशी नसतात. गटात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे स्पष्ट सांगते, आणि ज्यांचं दुःख अजून ओलं आहे त्यांना काही महिने फक्त कागदांचं काम देते. अधिकाऱ्यांसमोर बसून आपलीच जखम पुन्हा पुन्हा उघडायला कुणालाही भाग पाडू नये.

म्हणूनच मावशींच्या फोटोबद्दल: त्यांना विचारल्याशिवाय अजिबात टाकू नका, आणि विचारतानाही घरातल्या सगळ्यांसमोर विचारू नका, नाही म्हणणं अवघड जातं. एकट्या असताना विचारा. कुठे छापलं जाईल, कोण वाचेल, पुढे कुणी नातेवाईक, नोकरी देणारा किंवा विमावाला ते शोधू शकेल का, सगळं सांगा. आठवडाभर विचार करू द्या. हो म्हणाल्या तरी मजकूर आधी त्यांना वाचून दाखवा आणि नको असलेलं वाक्य त्यांच्या हाताने खोडू द्या. नंतर कधीही मागे घेता येईल हेही सांगा, आणि त्यांनी तसं म्हटलं तर कारण विचारू नका. एकदा नेटवर गेलेलं पूर्ण पुसता येत नाही, हेही त्यांना आधी कळलं पाहिजे. बहुतेक वेळा नाव आणि फोटो लागतही नाही. ‘अमुक वयाची स्त्री, अमुक तपासणी, अमुक अटीमुळे इतके दिवस थांबावं लागलं’ एवढं पुरतं. मागणीला जोडलेला तपशील हवा असतो, चेहरा नाही.

मावशींना कोणत्या टप्प्यावर अडवलं गेलं, तपासणी, औषध, रजा की कर्ज, तेवढं खाली लिहा. कोणता कागद आधी वाचायचा ते मी शोधून सांगते.