रुग्णाला कितीला पडलं?

बाळा,

तुझा मेल दोनदा वाचला. ‘आयुष्यभर दुसऱ्यांच्या औषधांची नक्कल करायची नाही, मला नवा रेणू शोधायचाय,’ असं लिहितेस, आणि जेनेरिक कंपनी सोडू का, असंही विचारतेस. सोड किंवा राहा. पण रुग्णाला ते औषध कितीला पडेल, हे एवढ्या लांब पत्रात एकदाही आलेलं नाही.

‘नक्कल’ हा शब्द मला लागला. 1970 च्या कायद्याने औषधाचं पेटंट रेणूवर नाही, तो बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायला मोकळीक मिळाली, म्हणून आमची पिढी उभी राहिली. एखादी पायरी वाचवायची, महागडा सॉल्व्हंट पुन्हा वापरात आणायचा, आणि रात्री अडीचला टीएलसी प्लेटवर, म्हणजे शुद्धता तपासायच्या पट्टीवर, एकच ठिपका दिसेपर्यंत हलायचं नाही. याला अक्कल लागते. 2001 मध्ये सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला 350 डॉलरला देऊ केली. पाश्चात्त्य देशांत तोच उपचार तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होता. रुग्णाला कितीला पडलं, ते बघ!

माझ्याकडूनही हे सुटलं होतं. एका औषधाच्या आमच्या पद्धतीतल्या मी दोन पायऱ्या कमी केल्या. खर्च उतरला, छापील किंमत जागची हलली नाही. मला बढती मिळाली, मी गप्प बसलो. त्याच वर्षी औषधाच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या गृहस्थांनी तेच औषध मागितलं. चिठ्ठीवर चौदा गोळ्या होत्या. दर ऐकून ते म्हणाले, ‘चारच द्या.’ दुकानदाराने कात्रीने पट्टी कापली. किंमत ठरवणं केमिस्टच्या हातात नसतं, घर चालवायचं होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही. पण वरिष्ठांना विचारणं तरी माझ्या हातात होतं.

सरकारने संशोधनाला पैसा द्यावाच. कंपन्यांना या खर्चावर प्राप्तिकरात दुप्पट वजावटही मिळायची. 2023 मध्ये 5,000 कोटींची योजना आली. पण लोकांनी प्रयोगाचा खर्च उचलायचा आणि काउंटरवर पुन्हा पूर्ण भाव मोजायचा, हे मला मान्य नाही. 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा परवाना, निघाला आणि कर्करोगावरच्या सोराफेनिबचा महिन्याचा खर्च सुमारे 2,80,000 रुपयांवरून 8,880 वर आला. तसा परवाना पुन्हा दिला गेला नाही. म्हणून किमतीची अट अनुदान देतानाच घातली पाहिजे. माल बाजारात आल्यावर कोण ऐकतं?

आणि तू? तुझ्या संशोधनाच्या प्रस्तावात ‘अपेक्षित निष्पत्ती’खाली ‘दोन पेटंट’ लिहिलंयस. त्याच्या वर एका दिवसाच्या डोसची किंमत लिही. अंदाजे का होईना, पण लिही. हिशेब जमत नसेल तर रविवारी घरी ये, कच्च्या मालाचे दर घेऊन बसू.