एक उत्तर, दोन परीक्षक

प्रश्न: मुक्तोत्तरी प्रश्नाच्या एकाच उत्तराला मी चारपैकी दोन गुण देते, तर माझे सहकारी साडेतीन देतात. चूक गुणदानाची की प्रश्नाची?

उत्तर: बहुधा प्रश्नाची. अडचण मात्र जुनी आहे: १९१२ साली स्टार्च आणि एलियट या संशोधकांनी अमेरिकेत इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा गुणांमध्ये मोठी तफावत आढळली.

‘बाष्पीभवनाविषयी लिहा’ असे विचारले, तर विद्यार्थ्याने नेमके काय लिहावे हे परीक्षकालाही सांगता येत नाही. त्याऐवजी ‘वारा असताना ओले कपडे लवकर का वाळतात, ते स्पष्ट करा’ असे विचारावे आणि प्रश्न काढतानाच गुणांची विभागणी लिहून ठेवावी: कपड्याजवळची बाष्पयुक्त हवा दूर जाते, यासाठी एक गुण आणि त्यामुळे बाष्पीभवनाचा वेग वाढतो, यासाठी दुसरा. खरी कसोटी ‘वारा पाणी उडवून नेतो’ यासारख्या अर्धवट उत्तराची असते. अशी उत्तरे आधी वीसेक उत्तरपत्रिका एकत्र वाचून निवडावीत, त्यांना किती गुण द्यायचे हे ठरवावे आणि ती नमुन्यादाखल जवळ ठेवावीत.

तपासताना नावे झाकावीत आणि सर्वांचा एकच प्रश्न सलग तपासावा, कारण आधीच्या सुंदर उत्तराची छाप (आणि सुबक अक्षराचीही) पुढच्या गुणांवर पडते. दोघा परीक्षकांचे गुण किती वेळा जुळले, एवढेच मोजणे फसवे ठरते. योगायोगाने होणारी जुळणी वजा करणारा मानसशास्त्रज्ञ कोहेन यांचा ‘कॅपा’ (kappa) हा निर्देशांक १९६० पासून त्यासाठीच वापरला जातो.